घर तिथे निळा ठिपका

२० मे २०२४. सोमवार. मुंबईत लोकसभेच्या मतदानाचा दिवस. ऊन असे की डांबर चपलेला चिकटत होते. आमच्या वस्तीचे मतदान केंद्र जवळच्याच एका शाळेत होते आणि शाळेच्या दारात मुलींनी भलीमोठी सुरेख रांगोळी घातली होती. शाई लावलेले बोट आणि खाली निळ्या अक्षरांत 'मतदान करा, लोकशाही बळकट करा'. आम्ही दोन तास रांगेत उभे होतो, त्यामुळे ती रांगोळी आम्हाला तोंडपाठ झाली. तेवढ्यात आमच्याच गल्लीतल्या एक आजी आतून बाहेर आल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेले मतदार ओळखपत्र. बोटाला शाई मात्र नव्हती.

“काय झालं आजी?”

“नाव न्हाई म्हणत्यात. मालकाचं हाय, माझं न्हाई. आता मालकाला जाऊन तीन वर्सं झाली. मेलेल्याचं नाव हाय आन् मी जिती हितं उभी, तर माझं न्हाई.”

एवढे बोलून आजींनी लुगड्याचा काठ उचलून धरला, मुलींची रांगोळी मोडू नये म्हणून कडेकडेने वळसा घातला आणि त्या घराकडे निघून गेल्या.

बंधू-भगिनींनो, आम्ही नोकरीने कारकून. वीस-बावीस वर्षे जमाखर्चाच्या वह्यांत डोळे घातलेले. आजींचे बोलणे ऐकून आमच्या लगेच ध्यानात आले की ही जमेची रक्कम नावे टाकल्यासारखी चूक आहे. मालकांच्या निधनानंतर मुलाने त्यांचे नाव कमी करण्याचा अर्ज दिला होता. नाव कमी झाले, पण ते आजींचे! हातात ओळखपत्र असणे आणि यादीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या किती घरांना ठाऊक आहे? त्या संध्याकाळी विहारात चौकशी केली तेव्हा आजी एकट्या नाहीत असे दिसून आले. कोणाची सून चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, पण तिचे नाव अजून माहेरच्या गावी. कोणाचे घर तपासणीला माणूस आला तेव्हा कुलूपबंद, म्हणून नाव गेले. एका घरात बापाचे मत एका केंद्रावर आणि मुलाचे दुसऱ्या. तो मुलगा कामावरून धावतपळत आला आणि चुकीच्याच रांगेत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत मुंबईकरांच्या आळसावर पुष्कळ तोंडसुख घेतले गेले. मतदान निम्म्याहून थोडेच वर गेले होते, ही गोष्ट खरी. पण टक्का काढतात तो यादीवरून. म्हणजे आजींच्या दिवंगत मालकांनी मत दिले नाही म्हणून टक्का घसरला आणि आजींना मत देता आले नाही याची नोंद कुठेच झाली नाही. हा कसला हिशेब?

रांगोळी काढणाऱ्या मुलींना आम्ही बोल लावत नाही. निवडणूक आयोगाचा 'स्वीप' नावाचा मतदार जागृती कार्यक्रम २००९ पासून चालू आहे. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो, कारण १९५० साली याच तारखेला आयोगाची स्थापना झाली. या कार्यक्रमात रांगोळ्या, पथनाट्ये, भित्तिचित्रे, मानवी साखळ्या असे सगळे होते आणि ते होणे चांगलेच आहे. पण दारातली रांगोळी 'मत द्या' असे कोणाला सांगते? जो दोन तास उन्हात उभा राहून दारापर्यंत पोहोचला आहे, त्याला! आमच्या वस्तीला मत द्या असे सांगावे लागत नाही. मत म्हणजे काय, हे आपल्या समाजाला फार आधी समजले आहे.

आठवण करून देतो. १९१९ साली साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. ज्यांच्यापाशी जमीन नाही, शिक्षण नाही, त्यांनाही मत मिळाले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. १९२८ साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १९३७ च्या निवडणुकीत मत होते ते कर भरणाऱ्यांना, शिकलेल्यांना, अशा थोड्यांनाच. स्वातंत्र्यानंतर संविधानाने एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला मत दिले आणि १९८९ पासून ते वय अठरावर आले.

पण हक्क कागदावर आला म्हणजे हातात आला असे होत नाही. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक घ्या. सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार आणि देशात साक्षर शंभरात अठराच. मग मत द्यायचे कसे? तर प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्हाचे चित्र चिकटवलेले. काँग्रेसची बैलजोडी, आपल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. ज्याला अक्षर येत नाही त्याने चित्र ओळखायचे आणि त्या पेटीत कागद टाकायचा. त्या पोलादी पेट्यांपैकी लाखो पेट्या आपल्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. म्हणजे भारतातल्या गरिबाने पहिले मत दिले ते चित्र पाहून. कला आणि मतदान यांचा संबंध असा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

आणि चित्र ओळखूनही चूक होऊ शकत होती. बाबासाहेब मुंबईत ज्या मतदारसंघातून उभे होते तो दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, म्हणून दोन कागद. ते दोन वेगळ्या पेट्यांत टाकायचे. दोन्ही एकाच पेटीत टाकले तर एकच मोजला जाई, दुसरा बाद. जानेवारी १९५२ मध्ये मतदान झाले आणि बाबासाहेब १४,५६१ मतांनी पडले. बाद ठरलेली मते होती ७४ हजारांहून अधिक! मते कुजवण्याचा पद्धतशीर प्रचार झाला, असा आरोप करून बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली, पण ती फेटाळली गेली. १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघच बंद झाले. आम्ही हे आकडे जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तेव्हा पेन खाली ठेवतो.

त्याच निवडणुकीतली आणखी एक गोष्ट भगिनींनी मुद्दाम वाचावी. यादी तयार करताना उत्तरेकडच्या प्रांतांत अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशा नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हुकूम काढला की स्त्रीचे स्वतःचे नाव पाहिजे, नाही तर नोंद रद्द. अशी सुमारे २८ लाख नावे गळाली. त्या २८ लाख बायका जिवंत होत्या, घरी होत्या, भाकरी थापत होत्या.

या सगळ्याला आपल्या वडीलधाऱ्यांनी जे उत्तर शोधले त्याचे नाव जलसा. सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. ढोलकी, डफ, गाणे आणि त्यात प्रश्नोत्तरांची बतावणी. एकाने अडाणी होऊन विचारायचे, दुसऱ्याने समजावायचे, आणि समजावता समजावता हसवायचे. दिवसभर राबून आलेला माणूस भाषणाला डुलक्या घेतो, पण बतावणीला जागा राहतो. निवडणुका आल्या की हेच जलसे प्रचाराला उभे राहत. भीमराव कर्डकांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ही हकीकत जपून ठेवली. विहाराच्या वाचनालयात हे पुस्तक नसेल तर आणून ठेवावे. त्यातून आम्ही शिकलो ते एवढेच की कला लोकांना नुसती हाक मारून थांबत नाही, ती लोकांकडून काम करून घेते.

असो. आता आमच्या वस्तीत काय झाले ते सांगतो.

नोव्हेंबरात विधानसभा येणार हे दिसत होते. ऑगस्टमध्ये विहारात बैठक झाली. पथनाट्य करू, फेरी काढू, घोषणा लिहू, असे नेहमीचे विषय निघाले. तेव्हा दहावीतला एक मुलगा म्हणाला, “काका, आपण वस्तीचा नकाशा काढू या. प्रत्येक घर. ज्या घरातली सगळी नावं यादीत आहेत, त्या घरावर निळा ठिपका.” आम्ही मोठी माणसे क्षणभर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. इतकी साधी गोष्ट आमच्या पदवीला सुचली नव्हती.

पहिल्या रविवारी पोरांनी विहाराच्या अंगणात चुन्याने नकाशा आखला. दोनशेवर घरे, बारा गल्ल्या, नळकोंडाळे, सार्वजनिक संडास, पिंपळ. संध्याकाळी पाऊस आला आणि सगळी वस्ती गटारात वाहून गेली! पोरे हिरमुसली. तेव्हा आमच्या वस्तीतले पेंटर काका पुढे झाले. यांची थोडी ओळख करून दिली पाहिजे. एके काळी दुकानांच्या पाट्या, जयंतीचे फलक, चित्ररथाचे पडदे सगळे यांच्या ब्रशने व्हायचे. फ्लेक्स आले आणि काकांचा धंदा बसला. आता ते एका इमारतीवर रात्रपाळीला वॉचमन असतात. काकांनी विहाराच्या माळ्यावरून जयंतीच्या स्टेजचे प्लायवूड काढायला लावले, त्याला पांढरा रंग दिला आणि दोन रविवारांत नकाशा उभा केला. पिंपळाचे एकेक पान काढले. आम्ही म्हटले, “काका, एवढं कशाला?” तर म्हणाले, “बायका आधी पिंपळ शोधतील, मग आपलं घर.” आणि तसेच झाले.

यादी कोणालाही मिळते. आयोगाच्या संकेतस्थळावर भाग क्रमांकाप्रमाणे ती फुकट उतरवून घेता येते. आम्ही छापील प्रती काढल्या आणि ऑफिसात बिले तपासतो तशी एकेक नावाला टिकमार्क करीत चाललो. पोरे घरोघर जात आणि विचारून येत, आम्ही ताळा करायचो आणि काका रंगवायचे. घरातली सर्व नावे असली की पूर्ण निळा ठिपका, काही असली की अर्धा, एकही नसले की चौकोन कोरा. यादीत नाव आहे पण माणूस हयात नाही, अशा घराला काळी रेघ. पहिल्या फेरीत आमच्या गल्लीत पूर्ण ठिपके थोडे आणि अर्धे जास्त निघाले. आणि एक अर्धा ठिपका आमच्या स्वतःच्या घरावर! आमच्या धाकट्या बंधूचे नाव दोन वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या खोलीवर होते. समाजकार्य करणाऱ्याच्या घराची ही तऱ्हा. आमच्या पत्नी तीन दिवस हसत होत्या.

नकाशाने जे केले ते दहा भाषणांनी झाले नसते. लोक विहारात येत, पिंपळ शोधत, घर शोधत आणि 'आपला चौकोन कोरा का?' असे विचारत. तिथेच टेबल टाकून दोन कॉलेजच्या मुली बसलेल्या. नवे नाव घालायला नमुना ६, मयताचे किंवा दुबार नाव काढायला नमुना ७, पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला नमुना ८. सुनांची नावे माहेरून आणायची तर नमुना ८ पुरतो, नवे नाव नोंदवू नये, नाही तर दोन ठिकाणी नोंद होते. अठरा वर्षे पूर्ण होण्याची तारीख पूर्वी १ जानेवारी ही एकच धरत, २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार धरतात, आणि सतरा वर्षांच्या मुलामुलींना आगाऊ अर्ज देता येतो. अडले तर १९५० हा मदत क्रमांक आहे. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, म्हणून धावपळ आधीच करावी लागते.

सगळेच गोडीगुलाबीने झाले असे मात्र समजू नका. दोन घरमालकांनी भाडेकरूंची नावे त्या पत्त्यावर घालायला साफ नकार दिला. उद्या हा पुरावा दाखवून खोली बळकावतील, ही भीती. भाडेकरूही आपलेच, मालकही आपलेच. एका मालकाची समजूत पटली, दुसऱ्याची आजतागायत पटलेली नाही. मग काही कार्यकर्ते आले आणि म्हणाले की नकाशावर आमच्या नेत्याचा फोटो लावा, खर्च आम्ही देतो. आम्ही नाही म्हटल्यावर दुसऱ्या गटाने पसरवले की आम्ही पहिल्या गटाचे! आपल्या समाजातल्या गटातटांचे आम्ही नवीन काय सांगावे? नकाशाला पक्ष नाही एवढेच आम्ही बोललो आणि हिशेबाची वही सर्वांसमोर उघडी ठेवली.

पेंटर काकांनी एका दुकानदाराच्या लेखी परवानगीने त्याच्या भिंतीवर चित्रही काढले. उघडा हात, तर्जनीला शाई. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली आणि चौथ्या दिवशी दोन कर्मचारी चुन्याची बादली घेऊन हजर. उघडा पंजा हे एका पक्षाचे चिन्ह आहे, तक्रार आली आहे, पुसा! काका म्हणाले, “थांबा, पुसू नका.” त्यांनी शिडी लावली आणि अर्ध्या तासात चार बोटे मिटवून टाकली. उरले एक उभे बोट. कर्मचाऱ्यांनी पाहिले, चहा घेतला आणि बादली उचलून निघून गेले. तेव्हा काकांनी आम्हाला सांगितले की मतपत्रिकेवरची कितीतरी चिन्हे आयोगातले एम. एस. सेठी नावाचे चित्रकार पेन्सिलीने काढत असत. काकांना त्या चित्रांचे फार कौतुक. चार रेघांत पंखा, पाच रेघांत कंदील, आणि अडाण्याला एका नजरेत कळले पाहिजे.

पोरांनी पुठ्ठ्याचे मतयंत्रही केले. मोडक्या खेळण्यातला बझर आणि आत छोटा दिवा. शेजारी काचेचा झरोका लावलेला खोका, त्यात चिठ्ठी सात सेकंद दिसायची. खऱ्या यंत्रातही चिठ्ठी सातच सेकंद दिसते, आणि पुष्कळ जण बटण दाबून तिच्याकडे न पाहताच वळतात. पण मत द्यायचे कोणाला? खरे चिन्ह वापरणे शक्यच नव्हते. म्हणून प्रश्न ठेवला : वस्तीत आधी काय व्हावे? अभ्यासिका, व्यायामशाळा, गटारावर लाद्या की बायकांच्या संडासाला दारे आणि दिवा? बारा वर्षांवरील सर्वांना मत. तरुण मंडळाने व्यायामशाळेचा जोरदार प्रचार केला आणि जिंकल्याच्या आनंदात होते. दुपारनंतर बायका धुणीभांडी आटोपून आल्या, एकेकीने बटण दाबले, झरोक्यात चिठ्ठी पाहिली आणि काही न बोलता गेल्या. संध्याकाळी सर्वांसमक्ष मोजणी झाली. संडास पहिला, व्यायामशाळा दुसरी. तरुण मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, “आम्हाला कोणी बोललंच नाही की दारं नाहीत.” मागून त्याच्याच आईचा आवाज आला, “तुला काय सांगायचं ते!”

तो निकाल, मतांची संख्या आणि सह्या जोडून आम्ही संबंधित कार्यालयात अर्ज दिला. हे लिहितेवेळी दोन दारे बसली आहेत. दिवा नाही. पाठपुरावा चालू आहे आणि अर्ज घेऊन आता तरुण मंडळच जाते.

आजींचे काय झाले ते सांगायचे राहिले. त्यांचा नमुना ६ भरला, मालकांचा नमुना ७ भरला. तपासणीला केंद्रस्तरीय अधिकारी बाई आल्या तेव्हा आजी दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. “बघा, नीट बघा. जिती हाय,” म्हणाल्या. बाईंनाही हसू आवरेना. २० नोव्हेंबर २०२४ ला आजी सकाळी सातला रांगेत पहिल्या पाचांत. झरोक्यात पूर्ण सात सेकंद पाहिले असे त्यांनी आम्हाला बाहेर येऊन सांगितले. त्यांच्या धाकट्या सुनेचे नाव मात्र अजून जालना जिल्ह्यातल्या माहेरी आहे. अर्जात स्पेलिंग चुकले आणि मुदत टळली. त्यामुळे आजींच्या घरावरचा ठिपका अर्धाच राहिला. आजींना ते पसंत नाही. 'माझं आलं तर माझ्या घराला पुरा द्या की,' म्हणून त्या काकांशी भांडल्या, पण काकांनी ऐकले नाही.

नकाशा विहाराच्या उजव्या भिंतीला उभा आहे. कोरे चौकोन अजून आहेत, काही नवेही पडलेत, कारण लोक खोल्या बदलतात, मुले मोठी होतात, म्हातारी माणसे जातात. आम्ही काकांना सुचवले की वहीत पान भरल्यावर लिहितात तसे खाली कोपऱ्यात 'बाकी पुढे' लिहा. त्यांनी ते सुरेख वळणदार अक्षरांत लिहिले. येत्या रविवारी सकाळी दहाला पुन्हा घरोघर फिरायचे आहे. निळ्या रंगाचा डबा संपत आलाय, तो कोणीतरी आणावा.